आता कोणत्या तोंडाने फोन करू?

वाचकाचं पत्र

ताई,

मी 34 वर्षांची आहे. एकटी राहते आणि गेली चार वर्षं घरूनच काम करते. तुम्ही मला अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल, बऱ्याच दिवसांत कोणी केलेलं नाही.

मागच्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. दिवसभरात 186 मेसेज आले. मी मोजले. बरेचसे ग्रुपवर, एकाखाली एक, तीच फुलं, तेच फुगे. फोन एकही आला नाही. रात्री सगळ्यांना 'मनापासून आभार' चिकटवत बसले होते आणि अचानक रडू कोसळलं. का, ते सांगता येईना. माझ्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं.

माझी एक मैत्रीण आहे. शाळेत एका बाकावर बसायचो, नंतर कॉलेजात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. पाच महिन्यांपूर्वी तिने स्टेटसला हॉस्पिटलमधला फोटो टाकला, ऑपरेशन झालं होतं. मी मीटिंगमध्ये होते. लगेच एक लाल बदाम पाठवला आणि ठरवलं, संध्याकाळी फोन करायचा. ती संध्याकाळ अजून उजाडलेली नाही. पुढे तिचे बरी झाल्याचे फोटो आले, त्यांनाही बदाम दिले. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला 'कशी आहेस?' असा मेसेज केला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. तीन आठवडे झाले. आता कोणत्या तोंडाने फोन करू?

आणखी एक. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी चॅटबॉटशी बोलते. कधी कधी दोन वाजतात. तो कंटाळत नाही, मला समजून घेतो. सकाळी मात्र लाज वाटते. सगळी अकाउंट बंद करून टाकावीत आणि साधा फोन घ्यावा असं मनात येतं. करू का तसं? ही चॅटबॉटची गोष्ट मी अजून कुठल्याच माणसाला सांगितलेली नाही.

तुमची,
निळ्या खुणा

उत्तर

अगं,

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. कुठल्याच माणसाला सांगितलं नाही म्हणालीस, आणि मला सांगितलंस. म्हणजे आता एका माणसाला ते माहीत आहे. लाज वाटावी असं त्यात मला काही सापडलं नाही. रात्री दोन वाजता माणूस जे दार उघडं दिसेल तिथे जातो.

आता मुद्द्याचं. मैत्रिणीला फोन कर. मेसेज नको, फोनच. तुझं पत्र अर्धं वाचून झालं तेव्हाच हे माझ्या ओठांवर आलं होतं, म्हणून सांगून टाकते. का आणि कसा, ते पुढे.

वाढदिवसाच्या रात्री रडू का आलं हे तुला कळलं नाही. मला वाटतं मला थोडंफार कळलंय. आपल्याकडे 'विचारपूस' असा शब्द आहे. त्यातलं 'पूस' म्हणजे पुसणं, जुन्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणंच. एकच क्रिया त्या शब्दात दोनदा आली आहे. मला त्यात फार शहाणपण दिसतं, कारण एकदा विचारून कधी भागत नाही. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' 'नक्की?' त्या 'नक्की?'नंतर माणूस जरा थांबतो, आणि खरं काय ते तिथून पुढे बाहेर येतं.

पूर्वी एकमेकांची खबरबात हवी असेल तर विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बदली झाली का, गुडघा कसा आहे, धाकटा शाळेत रमला का, हे कळायला पत्र टाकावं लागे, फोन फिरवावा लागे, नाहीतर उठून जावं लागे. बातमी हे निमित्त असायचं. ती मिळवता मिळवता भलतंच काही हाती लागायचं. आवाज बसलाय हे कळायचं, हसता हसता मध्येच कोणी गप्प झालं तर तेही कळायचं. आता बातमी न मागता येते. तुझ्या मैत्रिणीचं ऑपरेशन झालं ते तुला कळलं, टाके निघाले ते कळलं, ती पुन्हा हिंडूफिरू लागली तेही कळलं. तुला सगळं ठाऊक आहे, मग विचारणार काय? आणि तिने सगळं सांगून टाकलंय, मग तुला वेगळं सांगणार काय? तुमच्या दोघींमधलं निमित्तच कोणीतरी काढून घेतलंय.

ते 186 मेसेज पाठवणाऱ्यांचंही तेच. तुझा वाढदिवस त्यांच्या फोनने लक्षात ठेवला होता. त्यांनी शुभेच्छा दिल्या त्या खोट्या नव्हत्या, पण त्यांतल्या एकानेही तुला काही विचारलं नाही. दिवसभर सगळे तुला सांगत होते, विचारलं कोणीच नाही. मला वाटतं तू रडलीस ती त्याच्यासाठी.

त्या लाल बदामाविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खरी गोम तिथे आहे. मैत्रिणीचा हॉस्पिटलमधला फोटो पाहिल्यावर तुझ्या पोटात काहीतरी हललं असणार. ती जी टोचणी असते ना, तिच्याच जोरावर माणूस उठतो, फोन लावतो, बॅग भरतो. तू बदाम दाबलास आणि ती टोचणी बोथट झाली. मनाने नोंद केली, झालं, पोचवलं. संध्याकाळी फोन करायला लागणारं बळ सकाळीच त्या एका बोटात खर्च झालं होतं. तुझं प्रेम कमी पडलं असं मी म्हणणार नाही. प्रेमाला वाट हवी असते आणि तुला फार सोपी, फार अरुंद वाट आयती मिळाली.

असं वाटणारी तू एकटी आहेस असंही समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 साली अहवाल दिला, त्यानुसार जगात दर 6 माणसांपैकी 1 जण एकाकीपणाने त्रासलेला आहे, आणि हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा किशोरवयीन आणि तरुणांमध्ये जास्त आहे. म्हणजे ज्यांच्या हातात दिवसभर फोन आहे त्यांच्यातच. यावरून फोननेच हे केलं असा निकाल लगेच लावता येत नाही, त्याकडे मी येतेच.

आधी एक जुनी गोष्ट सांगते, ती तुला उपयोगी पडेल. रॉबर्ट वाईस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असं जिवाभावाचं माणूस नसणं. दुसरा म्हणजे आपण ज्यात मोडतो असा गोतावळा, ओळखीपाळखीची माणसं नसणं. त्याचं सांगणं असं की एकाची भूक दुसऱ्याने भागत नाही. जिवाभावाची एक मैत्रीण असली तरी गोतावळ्याची उणीव राहतेच, आणि गोतावळा कितीही मोठा असला तरी त्या एका माणसाची जागा रिकामीच राहते. तुझ्या पत्रात मला दोन्ही दिसतात. 186 मेसेजांनी पहिली भूक भागली नाही, आणि चार वर्षं घरून काम केल्याने दुसरीही उपाशी आहे. म्हणून उपायही दोन निरनिराळे लागतील. तू मात्र दोन्हींवर अकाउंट बंद करण्याचं एकच औषध शोधते आहेस.

तर करावीत का बंद? माझं उत्तर, सगळी नको.

इंटरनेट घरोघरी शिरू लागलं त्या काळात रॉबर्ट क्राउट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या 73 घरांतल्या 169 माणसांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट देऊन त्यांच्यावर एक-दोन वर्षं लक्ष ठेवलं. 1998 साली त्यांनी लिहिलं की जी माणसं इंटरनेट जास्त वापरत होती त्यांचं घरातलं बोलणं थोडं कमी झालं, गोतावळा आक्रसला, एकाकीपणा वाढला. त्यावर बरीच खळबळ उडाली. पण त्याच माणसांकडे ते पुन्हा गेले तेव्हा ते वाईट परिणाम बहुतेक ओसरलेले दिसले. 2002 साली त्यांनी तेही तितक्याच प्रामाणिकपणे छापलं, आणि त्यात नव्या माणसांच्या पाहणीतली एक गोष्ट होती जी मला फार खरी वाटते. ज्यांना आधीपासून माणसांचा आधार होता त्यांना इंटरनेटचा जास्त फायदा झाला, ज्यांना तो नव्हता त्यांना कमी. ज्याची विहीर भरलेली त्यालाच पावसाचं पाणी जास्त मिळावं, तसं.

पंचवीस-तीस वर्षांत तंत्र पार बदललं, तरी ही गोष्ट मला आजही जागोजागी दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल म्हणजे खिडकी आहे. ऐकू न येणाऱ्याला मेसेजने दूरवरचा मित्र पहिल्यांदाच थेट मिळवून दिला. दुर्मीळ आजाराच्या माणसाला आपल्यासारखं दुसरं कोणी आहे हे फोनमुळेच कळतं. अशा कुणाला जाऊन 'फोन टाकून दे' म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. म्हणून सरसकट सल्ला मी देत नाही. तुझ्यापुरतं मात्र नेमकं सांगू शकते.

2018 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना नेहमीसारखं वागायला सांगितलं. उरलेल्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट या तिन्हींवर रोज प्रत्येकी 10 मिनिटंच घालवायची. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा एकाकीपणा आणि खिन्नता लक्षात येण्याइतकी कमी झाली होती. कोणालाही अकाउंट बंद करायला लावलं नव्हतं. आणि एक गंमत बघ, चिंता आणि 'आपलं काहीतरी हुकतंय' ही हुरहूर दोन्ही गटांत थोडी उतरली, कारण आपण किती वेळ घालवतो याची नोंद दोघांनाही द्यायची होती. नुसतं मोजल्यानेही माणूस थोडा भानावर येतो.

तेव्हा तुला जे बंद करायचंय ते एवढंच. स्टेटस बघणं बंद. ज्या पाच-सहा माणसांवर तुझा जीव आहे त्यांचे स्टेटस तर आधी म्यूट कर. हे उलटं वाटेल, की जवळच्यांचेच का? कारण त्यांची बातमी तुला आयती मिळायला नको. ती कळली नाही की विचारावंसं वाटेल. याच माणसांना बदाम, अंगठा, टाळ्या, काही म्हणजे काही पाठवायचं नाही. दोन शब्द लिही, नाहीतर फोन कर, नाहीतर त्या दिवसापुरती गप्प राहा, पण ती टोचणी पोटात राहू दे. आणि त्यांचे वाढदिवस, त्यांच्या घरातल्या अवघड तारखा एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेव. फोनने आठवण करून दिलेलं आणि आपल्याला आठवलेलं, यातला फरक समोरच्याला कसा कळतो देव जाणे, पण कळतो. बाकीचे ग्रुप, ओळखी, पडू देत तिथे, त्यांचा त्रास नाही.

आता निळ्या खुणा, म्हणजे तुझं टोपणनाव. या खुणा व्हॉट्सअ‍ॅपने 2014 च्या नोव्हेंबरात आणल्या, आणि त्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. आजच कर. बंद केल्यावर दुसऱ्यांच्या खुणाही तुला दिसणार नाहीत, आणि तेच हवंय. त्या खुणेचा अर्थ मेसेज उघडला गेला, एवढाच. तू मात्र त्यात किती वाचलंस! ती रागावली, तिने आपल्याला मनातून काढलं, आपण तिच्या लेखी संपलो. तीन आठवडे तू या दोन रेघांवर निबंध लिहिते आहेस.

यात तुझी चूक नाही. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो हे मानसशास्त्रज्ञ उभं आयुष्य एकाकीपणाचा अभ्यास करत होते. ते म्हणायचे, एकाकीपणा हा तहान-भुकेसारखा इशारा आहे. अंगात पाणी कमी पडलं की तहान लागते, माणसं कमी पडली की हे वाटतं. पण यात एक वाकडं वळण आहे. कळपापासून तुटलेला प्राणी जसा कान टवकारून, प्रत्येक सळसळीला दचकत रात्र काढतो, तसं एकाकी मन सतत धोका हुंगत राहतं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर नाराजी शोधतं, गप्प बसण्यात तिरस्कार वाचतं, मग स्वतःच दोन पावलं मागे सरतं. माणसाची भूक लागलेली असते आणि नेमकी माणसांचीच भीती वाटत असते. म्हणून सध्या तुझ्या मनाने लावलेला कुठलाही अर्थ खरा धरू नकोस. निदान आणखी दोन अर्थ शोधल्याशिवाय तरी नको.

मी शोधून देते. पाच महिन्यांपूर्वी जिचं ऑपरेशन झालं तिला तू 'कशी आहेस?' विचारलंस. याचं उत्तर चार शब्दांत कसं देणार? खरं लिहायचं तर तासभर लागेल, 'मजेत' लिहायचं तर ते खोटं ठरेल. कुठेतरी रांगेत उभी असताना तिने मेसेज उघडला असेल आणि म्हणाली असेल, हिला नीट उत्तर द्यायला हवं, संध्याकाळी लिहू. तुझ्यासारखीच तिचीही संध्याकाळ उजाडली नसेल. किंवा ती खरंच दुखावलीही असेल. तेही होऊ शकतं, आणि तसं असेल तर फोनची गरज जास्तच आहे.

माझी एक गोष्ट सांगते. माझ्या एका मैत्रिणीचे यजमान गेले तेव्हा मी दूर होते, स्वतःच्याच गडबडीत. चार दिवसांनी फोन करायचा ठरवला, तो महिन्यावर गेला. महिन्याने वाटलं, आता उशीर झाला, काय बोलू? सहा महिन्यांनी तर तिचं नाव फोनमध्ये दिसलं तरी मी बोट पुढे सरकवायची. असं करता करता दोन वर्षं गेली. एका दुपारी, कसं कोण जाणे, लावला फोन. ती म्हणाली, 'तुझाच आवाज ना? थांब, आधी बसू दे मला.' पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आम्ही सव्वा तास बोललो. का केला नाहीस हे तिने विचारलंच नाही. शेवटी मीच म्हटलं, मला फार लाज वाटत होती गं. तर म्हणाली, 'मला वाटत होतं, मी रडकी झालेय म्हणून सगळे टाळतायत.' दोन वर्षं मी माझ्या लाजेला जपत बसले आणि तिने त्याचा अर्थ काय लावला बघ. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, म्हणून तुझं पत्र वाचून गप्प बसवलं नाही.

आपल्याला वाटतं तितकं हे अवघड जात नाही, हे इतरांनीही तपासून पाहिलंय. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सांगितलं, बरेच दिवस संपर्क नसलेल्या जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधा. काहींनी ईमेल करायची, काहींनी फोन. फोनवर अवघडल्यासारखं होईल असं आधी बहुतेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण ईमेलपेक्षा जास्त नव्हतंच. अनोळखी माणसांच्या दुसऱ्या एका प्रयोगात त्यांना असंही दिसलं की व्हिडिओने आवाजापेक्षा फारशी भर पडली नाही. जवळीक आवाजातच होती. म्हणून तोंड दाखवायची भीती वाटत असेल तर दाखवू नकोस. 'कोणत्या तोंडाने' याचं उत्तर मिळालं तुला, तोंड लागतच नाही, आवाज पुरतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर यांचा 2012 चा अभ्यास तर मला आई म्हणून फार आवडतो. लहान मुलींना परक्या माणसांसमोर भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. मुली बिचाऱ्या घाबरल्या. मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं, काहींना आईशी कॉम्प्युटरवरून लिहून बोलू दिलं. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ताणाचं संप्रेरक उतरलं आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, वाढलं. लिहून बोललेल्या मुलींमध्ये तसं झालं नाही, त्यांचा ताण आईशी काहीच न बोललेल्या मुलींइतकाच राहिला. आई तीच, तिची मायाही तीच, तरी अक्षरांतून अंगापर्यंत पोचली नाही.

आणि उशिराची भीती? पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली 13 प्रयोगांतून, जवळपास 6,000 माणसांवर, हेच पाहिलं की कोणी सहज आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमी धरतो. आणि ती आठवण जितकी अनपेक्षित, तितकं त्या माणसाला जास्त बरं वाटतं. म्हणजे पाच महिन्यांचा उशीर इथे तुझ्याच बाजूने उभा राहील.

शिवाय तुझ्याजवळ एक मोठी ठेव आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 साली हिशेब मांडला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकमेकांसोबत जावे लागतात, बऱ्यापैकी मित्र व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. तुम्ही तर तीन वर्षं एका खोलीत झोपलात-उठलात. तिच्याजवळ तुझे हजारो तास जमा आहेत. नवी जिवलग मैत्रीण मिळवायला जो काळ लागेल त्याच्या मानाने हा एक फोन काय आहे!

काय बोलायचं ते सांगते. 'कशी आहेस?'ने सुरुवात करू नकोस. आधी स्वतःचं सांग: 'तुझा हॉस्पिटलमधला फोटो पाहिला तेव्हाच फोन करायचा होता, केला नाही, आणि मग लाजेने करवेना. माफ कर.' एवढंच. कामाचा ताण, मीटिंग, यातलं काही नको. माफी लांबली की ती समोरचीलाच आपली समजूत घालायला लावते. मग एक नेमका प्रश्न विचार. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सोबत कोण होतं? किंवा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय दिसलं? आणि उत्तर येऊ दे. मध्ये शांतता पसरली तर घाबरून ती भरू नकोस. शेवटी पुढच्या फोनचा वार ठरवून घे. 'बोलत राहू' असं म्हणू नकोस, त्याचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. माझा भाऊ आणि मी दर रविवारी सकाळी बोलतो, विषय काही नसतो, अर्धा वेळ तो खिडकीबाहेरच्या कावळ्यांविषयी सांगतो. वार ठरलेला असल्यामुळे निमित्त शोधावं लागत नाही.

दुसऱ्या भुकेविषयी थोडक्यात. घरून काम करताना तुझ्या दिवसातून कोण कोण गेलं ते आठव. लिफ्टमधला, शेजारच्या टेबलावरची, दारावरचा पहारेकरी. ज्यांचं पूर्ण नावही माहीत नसतं अशी माणसं. गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी 2014 साली दाखवलं की ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी माणसाला जास्त बरं वाटतं, आपण कुणातले तरी आहोत असं वाटतं. हे घरात बसून होत नाही, ग्रुपवरही होत नाही. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, ठरावीक जागी जा. वाचनालय, पोहण्याचा तलाव, गाण्याचा वर्ग, काहीही. तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसली पाहिजेत, अट इतकीच. पहिल्या महिन्यात काही घडणार नाही, तरी जात राहा.

राहिला चॅटबॉट. 1966 साली जोसेफ वायझनबाम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात एलायझा नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो माणसाचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, बाकी त्यात फारसं काही नव्हतं. वायझनबाम यांच्या सेक्रेटरीने तो बनताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलल्यावर तिने साहेबांना सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का? हे वाचलं की मला त्या बाईविषयी फार माया वाटते. मशीन आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. कोणीतरी आपल्याला विचारतंय, एवढंच तिला हवं होतं. बघ, पुन्हा विचारपूसच. तुझा चॅटबॉट एलायझापेक्षा कितीतरी हुशार आहे, पण तू तिथे जातेस ते त्याच कारणासाठी. सगळ्या दिवसात 'मग तुला काय वाटलं?' असं विचारणारा तो एकटाच आहे.

त्याने त्या घडीला बरं वाटतं, हे खरं आहे, मी नाकारत नाही. मात्र एमआयटी आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय कंपनी यांनी मिळून 2025 साली जवळपास 1,000 माणसांवर चार आठवडे केलेल्या अभ्यासात जे लोक रोज जास्त वेळ चॅटबॉटशी बोलत होते ते जास्त एकाकी होते, त्याच्यावर जास्त विसंबलेले होते आणि इतर माणसांत कमी मिसळत होते. एकाकी होते म्हणून जास्त बोलत होते की जास्त बोलल्याने एकाकी झाले, हे त्यातून ठरत नाही. बहुधा एक दुसऱ्याला ढकलत असेल.

मला खटकतं ते वेगळंच. तो कंटाळत नाही, हे तू कौतुकाने लिहिलंस. पण माणूस कंटाळू शकतो आणि तरी बसून राहतो, त्याने आपल्याला आपली किंमत कळते. चॅटबॉटला तुझी वाट पाहावी लागत नाही. उद्या तू गेली नाहीस तर त्याचं काही अडणार नाही. त्याला कधी ताप येणार नाही, तुला उठून त्याच्यासाठी काही करावं लागणार नाही. तुझ्या मैत्रिणीला तुझी गरज पडली होती, पाच महिन्यांपूर्वी. आपली कोणाला गरज असणं ही अर्धी सोबत असते, आणि ती अर्धी तिकडे कधीच मिळणार नाही.

म्हणून त्याला एक काम दे. फोनआधी काय बोलायचं ते त्याच्याकडे मांडून बघ, घाबरत असशील तर सराव कर. रात्री मात्र एक वेळ ठरव, बारा म्हण, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. दोन वाजता तो काही गोड बोलला तरी दुसऱ्या दिवशीची झोप तो परत देऊ शकत नाही. झोप महिनाभर अशीच उडालेली राहिली, भूक गेली, सकाळी उठण्यात अर्थ वाटेना, किंवा जगू नये असा विचार एकदा जरी आला, तर माझ्या पत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एकाकीपणाच्या पोटात कधी कधी नैराश्य दडलेलं असतं, आणि त्यावर नीट उपचार आहेत.

फोन रविवारी सकाळी कर, रात्री नको. रात्री आपण सगळेच जरा जास्त घाबरट असतो. तिने उचलला नाही तर लगेच कापून मेसेजकडे वळशील, तसं करू नकोस. व्हॉइस मेसेज ठेव, वर दिलेली माफीची दोन वाक्यं, तुझ्या आवाजात, अडखळलीस तरी पुन्हा रेकॉर्ड न करता. शेवटी म्हण, 'बुधवारी संध्याकाळी सातला पुन्हा करते.' आणि बुधवारी सातला कर.

तुझी,
ताई